कोणाच्या नावावर

विम्याच्या फॉर्मवर रकाना एकच असतो:
रुग्णाचं नाव.
येतात दोघं, भांडतात दोघं,
दोघांच्या मधे सोफ्यावर तिसरं काहीतरी
ओल्या कुत्र्यासारखं बसून राहतं,
पण कंपनीला त्या कुत्र्याचं नाव चालत नाही.
आजारी कोणीतरी एकच असावं लागतं.
नवऱ्याला उदासी, किंवा बायकोला चिंता.
लग्नाला आलेल्या तापाला कोड नाही.

एकतीस वर्षं मी, मार्लिस हाकाला,
डुलुथमधल्या या दुसऱ्या मजल्यावर
(खाली बूट शिवणारा, मागे सरोवर)
बहुधा पहिल्याच तासाला विचारत आले:
कोणाच्या नावावर लिहू?

बोट लगेच शेजारी जातं.
“हिच्या.” “याच्याच, आणखी कोणाच्या?”
एकानं पेन माझ्या हातातून ओढून घेतलं होतं.
एक बाई हसत सुटली, हसणं थांबेना,
मग ते हसणं राहिलं नाही.

त्याआधी मनोरुग्णालयात होते, चार वर्षं.
तिथे कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा,
चालले की सगळ्या वॉर्डाला कळायचं मी येतेय.
इथे टिश्यूचा खोका, आणि एक घड्याळ,
येणाऱ्यांच्या डोक्यामागे टांगलेलं,
म्हणजे वेळ बघतानाही वाटावं
मी त्यांच्याकडेच बघतेय.
एवढी लबाडी कबूल करते.

ऑरिन स्कोग्लुंड खनिजाच्या बोटीवर, इंजिनात.
व्हर्ना शाळेची बस चालवते.
तो पाण्यावर असतो तेव्हा त्यांचं उत्तम चालतं.
जानेवारीत सरोवर गोठतं, तो घरी येतो
आणि कपाटातल्या बशा
आपल्या हिशेबानं लावायला घेतो.
नऊ महिने एकटीनं हाकलेलं घर
तिनं दहा आठवडे परत करायचं,
आणि मार्चअखेर पुन्हा ताब्यात घ्यायचं,
बशांसकट.

तीन हिवाळे आले. कोट कधी काढले नाहीत.
मी हीटर वाढवला, तरी नाही.
दोन हिवाळे रोख भरले,
तिसऱ्या वर्षी रोख संपली, तेव्हा मी फॉर्म काढला
आणि जे सांगणं भाग होतं ते सांगितलं:
बोटीचा डॉक्टर कागद बघतो.
बसवालेही बघतात.

खाली बूटवाल्याची हातोडी ठकठक करत होती.
ती थांबली.

“माझ्या नावावर लिहा,” व्हर्ना म्हणाली.
“तिच्या बसमध्ये एकोणतीस पोरं असतात,” तो मला म्हणाला,
तिला नाही, मला. “माझ्या लिहा.”
“तुझा कागद गेला तर खाणार काय?”
“आणि तुझा गेला तर?”
“तू मधे बोलू नकोस.”
“मधे? मी मधे?”
शब्दानं शब्द वाढला,
ऑरिनचा आवाज इंजिनातल्यासारखा चढला,
व्हर्ना उभी राहिली,
खोली तापली, आणि तिनं कोट काढून
खुर्चीवर असा आपटला की बटण उडालं.

इतकं छान भांडण मी पुन्हा ऐकलं नाही.
वेळेवर अकरा मिनिटं जास्त गेली.
घड्याळ समोरच होतं.

कोणाचं नाव लिहिलं ते सांगणार नाही.
त्या जुडग्यातली एवढी एक किल्ली
अजून माझ्यापाशी आहे.

एप्रिलमध्ये बर्फ फुटला, तो गेला,
पुढच्या जानेवारीत आले नाहीत.
बरं झालं म्हणून, की संपलं म्हणून,
हे आम्हाला कोणी कळवत नाही.
बटण मात्र टेबलाच्या खणात सापडलं,
आज खण रिकामे करताना.

आमचा एक नियम आहे:
बाहेर भेटले तर ओळख आपण आधी दाखवायची नाही.
अर्धं गाव मला असं ओळखीचं आहे, न ओळखता.
गेल्या हिवाळ्यात हार्डवेअरच्या दुकानात ऑरिन दिसला,
फावड्यांपुढे उभा, एक उचलून तोलत होता.
मी खिळ्यांचे डबे वाचत राहिले,
दोन इंच, अडीच इंच, तीन.
त्यानं पाहिलं असावं.
“ते नको,” मागून कोणीतरी बाई म्हणाली, “दांडा लांब आहे,”
आणि मी वळले नाही.